डोळ्यातील गाठ आणि क्षयरोग : एका यंत्रमाग कामगाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ सालातील आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, नातेसंबंधातील काही बाबी आणि तारखा बदलल्या आहेत. वैद्यकीय निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण या लेखाचा सगळा भर त्या क्रमावर आहे.

रुग्ण ४२ वर्षांचे पुरुष होते. पश्चिम महाराष्ट्रातील एका गावात वीस वर्षे यंत्रमाग चालवत होते आणि एका पाळीत चार माग सांभाळत होते. पत्नी घरी कांड्या भरत असे आणि दोन मुले शाळेत जात होती. मागावर काम करणाऱ्याला दृष्टीतला बारीक फरक इतरांआधी जाणवतो, हे मला या रुग्णाने शिकवले. त्यांची पहिली तक्रार ‘दिसत नाही’ अशी नव्हतीच. ताण्याचे सरळ धागे एका जागी वाकल्यासारखे दिसतात, आणि कापडात दोष नसताना दोष दिसतो, असे ते सांगत होते. त्यांनी मालकाला दोनदा बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) तपासायला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी सहज उजवा डोळा झाकला, तेव्हा वाकडेपणा धाग्यात नसून डाव्या डोळ्यात आहे हे त्यांना कळले.

त्यानंतरचे पाच आठवडे चष्मा बदलण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाण्यात गेले. मधल्या काळात एका डॉक्टरांनी आठ दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्याने थोडे उजळ दिसू लागले आणि गोळ्या थांबताच पुन्हा धूसर झाले. शेवटी तालुक्याच्या ठिकाणी बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा भाग तपासला गेला. तेथे दृष्टिपटलाखाली एक पिवळसर उंचवटा दिसला आणि चिठ्ठीवर ‘कोरॉइडचा ट्यूमर’ असे लिहून त्यांना आमच्या नेत्रविभागाकडे पाठवण्यात आले. चिठ्ठीपुढे प्रश्नचिन्ह होते, पण ते कुटुंबापर्यंत पोहोचले नाही. त्यांनी ऐकले ते एवढेच, की डोळ्यात गाठ आहे आणि कदाचित डोळा काढावा लागेल. आपल्याकडे ‘गाठ’ हा शब्द उच्चारला की घरातली माणसे पुढचे ऐकत नाहीत, त्यांच्या मनात कॅन्सर ठरून गेलेला असतो.

पहिल्या भेटीत काय दिसले

उजवा डोळा पूर्ण निरोगी होता, दृष्टी ६/६. डाव्या डोळ्याची दृष्टी ६/३६ होती, म्हणजे निरोगी डोळा ३६ मीटरवरून वाचतो ते अक्षर त्यांना ६ मीटरवरूनच वाचता येत होते. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, दाबही योग्य होता. बाहुली मोठी करून पाहिल्यावर मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या, बारीक व सरळ पाहण्याच्या जागेच्या) वर आणि बाहेरच्या बाजूला सुमारे सहा मिलिमीटर रुंदीचा, कडा पुसट असलेला पिवळा उंचवटा दिसला. त्याच्याभोवती दृष्टिपटलाखाली पाणी साचले होते आणि ते मॅक्युलापर्यंत पसरल्यामुळे धागे वाकडे दिसत होते. नेत्रगोलाच्या पोकळीतील पारदर्शक द्रवात मोजक्याच दाहपेशी होत्या, इतक्या कमी की घाईच्या तपासणीत त्या सुटल्या असत्या.

कोरॉइड हा दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर आहे. शरीरात वजनाच्या मानाने इतका रक्तपुरवठा फार थोड्या ऊतींना मिळतो, आणि म्हणूनच रक्तातून फिरणारे काहीही येथे येऊन अडकू शकते. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी येथे येतात आणि क्षयाचे जंतूही येथेच येतात. दोन्ही बाहेरून पिवळसर उंचवट्यासारखेच दिसतात, दोन्हींभोवती पाणी साचते. अडचण येथून सुरू होते.

सोनोग्राफीत उंचवट्याची जाडी ३.२ मिलिमीटर भरली. आकार घुमटासारखा होता. मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग) वाढताना आतला पडदा फोडून वर येतो तेव्हा जो आळंबीसारखा आकार घेतो, तसा तो नव्हता. गाठीच्या आतून येणारे प्रतिध्वनी कमी ते मध्यम होते, पण मेलॅनोमातही ते तसेच असतात, त्यामुळे सोनोग्राफीने प्रश्न सुटला नाही. अँजिओग्राफीत (शिरेतून रंगद्रव्य देऊन डोळ्यातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याच्या तपासणीत) गाठ सुरुवातीला काळी राहिली, मग हळूहळू रंगद्रव्य झिरपून उजळली आणि शेवटी साचलेल्या पाण्यात ते पसरले. गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्यांचे जाळे असल्याचे दिसले नाही. ओसीटीत (प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या तपासणीत) एक गोष्ट विशेष होती : आजूबाजूला पाणी साचून दृष्टिपटल उचलले गेले असतानाही गाठीच्या माथ्यावर ते चिकटून राहिले होते. दाहामुळे झालेल्या गाठीत अशी चिकट जागा अनेकदा आढळते. मी ही नोंद अधोरेखित केली, पण एका चिन्हावर निदान बांधायचे नाही हेही त्याच कागदावर लिहिले.

प्रश्न नेमका कोणता होता

चार शक्यता समोर होत्या. रंगहीन मेलॅनोमा, दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर, लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग), किंवा क्षयाची गाठ. सारकॉइडोसिस (जंतूंशिवाय अवयवांत दाहाच्या गाठी करणारा आजार) ही पाचवी शक्यता यादीत होती, पण पुढच्या तपासण्यांनी ती लवकर मागे पडली.

मेलॅनोमा गोऱ्या वंशांच्या तुलनेत भारतीयांमध्ये फारच कमी आढळतो. कमी आढळतो याचा अर्थ नसतो असा नाही, आणि ज्या रुग्णाला तो असतो त्याच्यासाठी त्या विरळपणाला काही किंमत नसते. खरा प्रतिस्पर्धी दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर हा होता. रुग्ण पंधरा वर्षे तंबाखू खात होते, पूर्वी विडीही ओढत होते, आणि पुरुषांमध्ये कोरॉइडमध्ये येणारा कॅन्सर बहुतेक वेळा फुप्फुसातून येतो. कधी कधी छातीचे काहीच लक्षण नसताना डोळाच प्रथम बोलतो.

स्टेरॉइडने थोडे बरे वाटले होते. यावरून एका सहकाऱ्याने गाठ दाहाचीच असावी असा अंदाज केला. मला तो युक्तिवाद तेव्हाही पटला नाही. स्टेरॉइडने क्षयाच्या गाठीभोवतीची सूज उतरते, कॅन्सरभोवतीची सूजही काही काळ उतरू शकते, आणि लिम्फोमा तर स्टेरॉइडने खरोखर आकसतो. औषधाने फरक पडला एवढ्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. उलट त्या आठ दिवसांनी चित्र गढूळ केले होते आणि तीन आठवडे वाया घालवले होते. क्षय असेल तर केवळ स्टेरॉइड देणे म्हणजे जंतूंना मोकळे रान देणे होते.

संसर्गाला गाठ समजून डोळा काढला जाण्याचा इतिहास जुना आहे. १९५० साली हेलेनॉर कॅम्पबेल वाइल्डर या अमेरिकी संशोधिकेने काढून टाकलेल्या ४६ डोळ्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा अभ्यास केला. त्यांतील अनेक मुलांचे डोळे कर्करोगाच्या संशयाने काढले होते. २४ डोळ्यांत त्यांना कर्करोगाऐवजी कृमीच्या अळीचे अवशेष सापडले. पुढे ही अळी कुत्र्यांच्या आतड्यातल्या टॉक्सोकारा कृमीची असल्याचे स्पष्ट झाले. प्रौढांच्या बाबतीत १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मालिकेत मेलॅनोमा म्हणून काढलेल्या ५२९ डोळ्यांपैकी १०० डोळ्यांत मेलॅनोमा नव्हताच. त्यानंतर सोनोग्राफी, अँजिओग्राफी आणि ओसीटी आल्या आणि जेथे ही साधने व अनुभवी डॉक्टर आहेत तेथे ही चूक अगदी विरळ झाली. आमच्या रुग्णाच्या चिठ्ठीमागे मात्र यांतली एकही तपासणी झालेली नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय डोळा काढण्याचा होता. आमच्यापैकी कोणी तो सुचवला नव्हता. तो कुटुंबाकडून आला, आणि त्याची धार मला अजून आठवते. रुग्णाचे थोरले भाऊ म्हणाले, “डोळा गेला तर जाऊ दे साहेब, माणूस ऱ्हायला पाहिजे.” ते घाबरून बोलत होते, पण त्यात प्रेम होते आणि एक प्रकारचा व्यवहारही होता : एक शस्त्रक्रिया, एक खर्च, आणि प्रश्न संपला. मी त्यांना सांगितले की ही गाठ दुसरीकडून आलेली असेल तर डोळा काढून माणूस वाचत नाही, आणि क्षयाची असेल तर निरोगी होऊ शकणारा डोळा आपण विनाकारण गमावू. मेलॅनोमाच असला तरी एवढ्या आकाराच्या गाठीवर डोळा राखून उपचार करता येतो. डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर किरणोत्सारी चकती काही काळ शिवून ठेवतात, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ची अशी चकती देशातच तयार केली आहे. तरीही निदान न करता किरणोत्सार देणे हे डोळा काढण्याच्या खालोखालचेच पाऊल झाले असते, म्हणून चकतीचा पर्यायही बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय डोळ्यात सुई घालून गाठीतला नमुना घेण्याचा होता. त्यात रक्तस्राव होण्याचा आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोका होता. गाठ मॅक्युलाच्या जवळ असल्याने तो आणखी वाढला होता. नमुना अगदी थोडा मिळतो आणि डोळ्यातील क्षयात जंतूही फार कमी असतात, त्यामुळे तपासणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. हा मार्ग आम्ही बंद केला नाही, पण शेवटी ठेवला.

तिसरा पर्याय महिनाभर नुसते पाहण्याचा होता. मॅक्युलाखाली पाणी असताना आणि कॅन्सरची शक्यता खुली असताना तो मला योग्य वाटला नाही.

चौथा पर्याय होता डोळ्यावरून नजर काढून उरलेले शरीर शोधण्याचा. कॅन्सर असो वा क्षय, डोळ्यात पोहोचण्याआधी तो बहुधा दुसरीकडे कोठेतरी असतो, आणि तेथून नमुना घेणे डोळ्यातून घेण्यापेक्षा सोपे आणि कमी धोक्याचे असते. आम्ही हा मार्ग निवडला. आम्ही स्वतःला दहा दिवसांची मुदत घातली, कारण शोधाला मुदत नसेल तर तो नुसत्या थांबण्यात बदलतो.

शोध

छातीचा एक्स-रे सामान्य आला. येथे अनेक ठिकाणी शोध संपतो. डोळ्याचा क्षय असलेल्या पुष्कळ रुग्णांचा एक्स-रे सामान्य असतो, हे माहीत असूनही ‘छाती स्वच्छ आहे’ या वाक्याने मन निश्चिंत होते, आणि खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी माझेही मन कॅन्सरकडे झुकले होते.

क्षयाच्या संसर्गासाठी त्वचेत टोचून करतात त्या मँटू चाचणीत १८ मिलिमीटरचा कठीण उंचवटा आला आणि त्याच संसर्गासाठीची रक्तातील इग्रा चाचणीही सकारात्मक आली. या दोन अहवालांवर अनेक जण लगेच क्षयाचे औषध सुरू करतात. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग आढळला होता. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या दर तीन प्रौढांपैकी जवळपास एकाची अशी चाचणी सकारात्मक येईल, आणि त्यांतल्या एखाद्याला वेगळ्या कारणाने कॅन्सरही झालेला असेल. शरीरात जंतू कधीतरी शिरला होता एवढेच ही चाचणी सांगते. डोळ्यातली गाठ त्यानेच केली, हे ती सांगू शकत नाही.

एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या नकारात्मक आल्या. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.९ टक्के निघाली. रुग्णाला मधुमेह आहे हे त्या दिवशी प्रथम कळले. मधुमेहामुळे क्षयाचा धोका वाढतो, म्हणून हा अहवाल निदानाकडेही बोट दाखवत होता आणि पुढच्या उपचारातली अडचणही सांगत होता.

सहाव्या दिवशी छाती आणि पोटाचे सीटी स्कॅन झाले. फुप्फुसात गाठ नव्हती. दोन फुप्फुसांमधल्या जागेत मात्र श्वासनलिकेजवळ सुजलेल्या लसीका ग्रंथी होत्या, आणि त्यांचा मधला भाग मृत ऊतीसारखा काळपट दिसत होता. एक्स-रेमध्ये त्या हृदयाच्या सावलीआड लपल्या होत्या. अशा ग्रंथी क्षयातही दिसतात, लिम्फोमातही दिसतात आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही. फरक एवढाच पडला की आता सुई घालण्यासाठी डोळ्याखेरीज दुसरी जागा मिळाली होती. श्वसनरोगतज्ज्ञांनी श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तिच्या टोकावरील सोनोग्राफीच्या आधारे ग्रंथीतला नमुना घेतला. जंतूंची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीत क्षयाचे जंतू सापडले, आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला ते दाद देतात हेही कळले. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयात दिसणारी चीजसारखी मृत ऊती होती. कॅन्सरच्या पेशी नव्हत्या.

याच आठवड्यात एक गोष्ट कळली जी पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. आमच्या अर्जावर ‘घरात कोणाला क्षयरोग?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेले होते. समुपदेशक ताईंनी रुग्णाच्या पत्नीला वेगळे बसवून विचारले, “घरात कुणी सहा महिन्यांचा कोर्स केला होता का?” तेव्हा त्या म्हणाल्या की चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी छातीसाठी सहा महिने सरकारी गोळ्या घेतल्या होत्या. घरात त्या आजाराला कोणी क्षय किंवा टीबी म्हणत नव्हते. तो ‘छातीचा कोर्स’ होता, आणि पूर्ण झाल्यावर त्याविषयी बोलणे बंद झाले होते. रुग्ण खोटे बोलले नव्हते, आमचा प्रश्न त्यांच्या घरच्या भाषेत नव्हता.

उपचाराचा निर्णय

ग्रंथीतला क्षय सिद्ध झाला होता, डोळ्यातला झाला नव्हता. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात आणि ही शक्यता आम्ही कुटुंबापासून लपवली नाही. क्षयाचे उपचार ग्रंथीसाठी द्यावेच लागणार होते. तेच उपचार डोळ्यासाठी परीक्षा ठरणार होते, पण परीक्षेचे नियम आधी ठरवणे आवश्यक होते, नाहीतर प्रत्येक बदलाचा अर्थ आपल्या सोयीने लावला जातो. म्हणून केसपेपरवर लिहिले की आठ आठवड्यांनी सोनोग्राफीत जाडी कमी झालेली दिसली पाहिजे. पहिल्या चार आठवड्यांत सूज वाढली तर तेवढ्यावरून उपचार फसला असे मानायचे नाही, परंतु गाठीचा पाया रुंदावला किंवा दुसरी गाठ दिसली तर डोळ्यातला नमुना घ्यायचा. या कागदावर रुग्णाच्या भावाचीही सही घेतली. कायद्यासाठी तिची गरज नव्हती, पण वाट पाहण्याला हद्द आहे हे त्यांना दिसणे मला महत्त्वाचे वाटले.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात नोंद होऊन आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही रोजची औषधे सुरू झाली. त्या वेळी पोषणासाठी दरमहा ५०० रुपये खात्यात जमा होत. ज्या माणसाची मजुरी मीटरवर ठरते आणि खाडा झाला की थांबते, त्याच्या घरात ते दुधा-अंड्यांना पुरवठा झाले.

इथॅम्ब्युटॉलवर आमच्यात चर्चा झाली. हे औषध क्वचित दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करते, आणि डोळ्याच्याच रुग्णाला ते देणे काहींना विसंगत वाटले. वगळले तर उपचार कमजोर होतो आणि कार्यक्रमातल्या एकत्रित गोळीबाहेर जावे लागते. आम्ही ते वजनाप्रमाणे ठेवले आणि दर महिन्याला रंगदृष्टी व दृष्टी तपासली. डाव्या डोळ्यात आधीच दोष असल्याने त्यात नवा बिघाड ओळखणे कठीण होते, म्हणून लक्ष निरोगी उजव्या डोळ्यावर ठेवले. रंग फिके वाटू लागले, विशेषतः लाल, तर गोळी घेण्याआधी फोन करायचा, असे रुग्णाला बजावले होते. रंगीत धाग्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला ही सूचना दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

स्टेरॉइड मी सुरुवातीला दिले नाही. साखर नुकतीच हाताशी येऊ लागली होती आणि औषधांचा परिणाम स्वच्छ दिसावा अशी माझी इच्छा होती.

सोळावा दिवस

सोळाव्या दिवशी रुग्ण ठरलेल्या तारखेआधीच आले. दृष्टी ६/६० पर्यंत उतरली होती. पाणी वाढले होते, जाडी ३.६ मिलिमीटर झाली होती, आणि भाऊ दारातच म्हणाले की आम्ही आधीच सांगत होतो.

या दिवसाविषयी सविस्तर लिहितो, कारण असे दिवस रुग्णांचे डोळे घेतात. क्षयाची औषधे सुरू झाल्यावर जंतू मरतात, त्यांचे अवशेष मोकळे होतात, शरीराची प्रतिकारशक्ती सावरते आणि दाह काही काळ वाढतो. याला विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात. मानेतल्या ग्रंथींच्या क्षयात डॉक्टरांना ती परिचित असते : औषध चालू असताना गाठ मोठी होते आणि नंतर उतरते. मानेत काही मिलिमीटर वाढ झाली तरी निभावते. डोळ्यात तेवढीच वाढ मॅक्युला बुडवते, आणि घाबरलेला डॉक्टर निदान बदलतो. पण कॅन्सरही याच दिवशी असाच वाढलेला दिसू शकला असता. माझ्याकडे दोघांना वेगळे करणारी कोणतीही एक तपासणी नव्हती.

केसपेपरवर आधी लिहिलेले नियम त्या दिवशी उपयोगी पडले. पाया रुंदावला नव्हता, नवी गाठ नव्हती, वाढ उंचीत आणि पाण्यात होती. औषधे तशीच चालू ठेवली आणि प्रेडनिसोलोन रोज ५० मिलिग्रॅम सुरू केले, जे त्यांच्या वजनाला किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम होते. मधुमेहतज्ज्ञांनी त्याच दिवशी इन्सुलिन चालू केले. रिफॅम्पिसिनमुळे यकृत स्टेरॉइडचा निचरा वेगाने करते, त्यामुळे नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते, हे लक्षात ठेवून दर चार दिवसांनी डोळा पाहिला. डोळ्यात रक्तवाहिन्यांची गळती रोखणारे इंजेक्शन देण्याचा विचारही झाला, कारण अशा गाठीत काही ठिकाणी त्याचा उपयोग केला जातो, पण आधी दोन आठवडे थांबायचे ठरले आणि ते द्यावे लागले नाही.

परिणाम

दोन आठवड्यांत पाणी उतरू लागले. आठव्या आठवड्यात जाडी २.१ मिलिमीटर होती, म्हणजे ठरवलेली कसोटी पूर्ण झाली. स्टेरॉइड साधारण तीन महिन्यांत हळूहळू कमी करून बंद केले. सहाव्या महिन्यात उंचवटा जवळजवळ सपाट झाला आणि त्या जागी कडेला काळपट रंगद्रव्य असलेला फिकट व्रण राहिला. छातीतल्या ग्रंथीही आकसल्या. डोळ्याचा सहभाग असल्याने औषधे नऊ महिने दिली. भारतातील फुप्फुसाबाहेरील क्षयाच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांतही डोळ्यातील क्षयासाठी सहा ते नऊ महिन्यांच्या उपचाराला जागा आहे. शेवटी डाव्या डोळ्याची दृष्टी ६/९ झाली. उजव्या डोळ्याची रंगदृष्टी अखेरपर्यंत अबाधित राहिली.

डोळ्यातला नमुना आम्ही कधीच घेतला नाही. त्यामुळे कठोर अर्थाने डोळ्यातील क्षय ‘संभाव्य’ राहिला, सिद्ध झाला नाही. क्षयाच्या औषधांनी गाठ नाहीशी होणे आणि त्यानंतर वर्षभर ती परत न येणे हा मोठा पुरावा आहे, पण तो मागाहून मिळालेला पुरावा आहे.

आज काय वेगळे केले असते

स्टेरॉइडच्या बाबतीत माझा निर्णय मला आज अर्धाच पटतो. ग्रंथीचा नमुना हाती येईपर्यंत ते थांबवणे योग्य होते, कारण लिम्फोमा असता तर स्टेरॉइडने तो झाकला असता. अहवाल आल्यानंतर मात्र तो आक्षेप बराच कमी झाला होता. गाठ मॅक्युलाजवळ असताना, क्षयाची औषधे सुरू करून काही दिवसांतच स्टेरॉइड जोडले असते तर कदाचित सोळावा दिवस इतका वाईट उजाडला नसता. साखरेची भीती खरी होती, पण इन्सुलिनने ती पुढे हाताळता आलीच, म्हणजे आधीही आली असती. परिणाम स्वच्छ दिसावा ही माझी इच्छा निदानासाठी रास्त होती, परंतु तिची किंमत रुग्णाच्या मॅक्युलाने दिली.

सीटी स्कॅन सहाव्याऐवजी दुसऱ्या दिवशी व्हायला हवे होते. एक्स-रेचा अहवाल येईपर्यंत थांबण्याचे कारण नव्हते, कारण एक्स-रे कसाही आला असता तरी सीटी लागणारच होते.

एका गोष्टीची भीती अशी प्रकरणे सांगताना मला नेहमी वाटते. हे वाचून कोणी डोळ्यातल्या प्रत्येक पिवळ्या गाठीला क्षयाच्या गोळ्या सुरू करू लागला तर तेही तितकेच घातक आहे. आपल्याकडे क्षय इतका पसरलेला आहे की त्याच्या नावाखाली कॅन्सर महिनोन्‌महिने लपू शकतो. आमच्या रुग्णाच्या ग्रंथीत क्षय सापडला नसता, तर नुसत्या मँटूच्या बळावर मी नऊ महिन्यांचा उपचार सुरू केला नसता. पीईटी स्कॅन (संपूर्ण शरीरात कॅन्सर शोधण्याची तपासणी) आणि गरज पडल्यास डोळ्यातला नमुना, असाच पुढचा मार्ग झाला असता. लहान मुलांबाबत तर नियम आणखी कडक आहे. रेटिनोब्लास्टोमाची (लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाची) शक्यता असताना डोळ्यात सुई घालणे टाळतात, कारण त्या वाटेने कर्करोग डोळ्याबाहेर पसरू शकतो. तेथे शंका मुख्यतः प्रतिमातपासणी आणि अनुभवी डोळ्यांवरच सोडवावी लागते.

आमच्या विभागात दोन बदल झाले. बाहेर पाठवण्याच्या चिठ्ठीवर आम्ही आता ‘ट्यूमर’ऐवजी ‘कोरॉइडमधील उंचवटा, कारण अनिश्चित’ असे लिहितो आणि तेच शब्द रुग्णाला मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो. रुग्णाच्या इतिहासाच्या अर्जावरचा प्रश्नही बदलला. तेथे आता लिहिले आहे, ‘घरात कोणी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ छातीच्या, गाठीच्या किंवा सरकारी गोळ्यांचा कोर्स केला आहे का?’ हा प्रश्न रुग्णाला विचारतात आणि घरातल्या बाईमाणसाला वेगळाही विचारतात.

रुग्ण पुन्हा मागावर जातात, पण चारऐवजी दोनच माग घेतात. डाव्या डोळ्याने एका ठिकाणी धागा अजून किंचित वळलेला दिसतो आणि तो तसाच राहील, हे त्यांना सांगितले आहे. दर सहा महिन्यांनी ते येतात, आम्ही व्रणाचे छायाचित्र काढतो आणि मागच्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहतो.